बियाणं पूर्वेकडून आणावं: तापत्या हवेतली सातारा-सांगलीची कुरणं

पाचगणीहून महाबळेश्वर 19 किलोमीटर. तिथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. पाचगणीपर्यंत येताना तो साधारण तिसऱ्या हिश्श्यावर उतरतो. पसरणीचा घाट उतरून वाईला आलं की सातशे-आठशेवर येतो आणि दहिवडी-म्हसवडकडे सरकलं की साडेचारशे-पाचशेवर. पुढे आटपाडी, कवठेमहांकाळ, जत हे तालुके याच कोरड्या पट्ट्यात येतात. गवतावर काम करणाऱ्या कोणत्याही संशोधकाला पावसाची अशी उतरण एवढ्या थोड्या अंतरात मिळाली, तर तो जन्मभर दुसरीकडे जाणार नाही. आपल्याकडे ती आहे, आणि गायरानात काय लावायचं याचा विचार करताना तिच्याकडे कोणी पाहत नाही.

आज या व्याख्यानाचा विषय तेवढाच आहे. हवा तापते आहे, पावसाची लय बिघडते आहे, अशा वेळी चराऊ रानासाठी देशी गवतं निवडायची कशी? आजच्या पावसाला मानवणारं गवत शोधणं पुरेसं नाही. आपल्या गावाची पंचवीस-तीस वर्षांनंतरची हवा आज ज्या गावात आहे, तिथल्या माळावर कोण टिकून आहे ते पाहायचं आणि बियाणं तिथून आणायचं. ते गाव लांब नसतं. कोरेगावने खटावकडे पाहावं, खटावने म्हसवडकडे, म्हसवडने जतच्या पूर्व भागाकडे.

ही कल्पना केवळ इथली नाही. ऑस्ट्रेलियात सुझान प्रोबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 साली ती नीट मांडली. उजाड रान पुन्हा उभं करताना जवळचंच बियाणं वापरावं, हा तोवरचा शिरस्ता होता. त्यांनी सुचवलं की स्थानिक बियाण्याचा वाटा ठेवावाच, पण त्याच जातीचं बियाणं जास्त उष्ण, जास्त कोरड्या बाजूने टप्प्याटप्प्याने गोळा करून त्यात मिसळावं. जात तीच राहते, पण उन्हाचा अनुभव घेतलेली वाणं तिच्यात येतात. ऑस्ट्रेलियात यासाठी शेकडो किलोमीटर जावं लागतं. साताऱ्यात एसटीने सकाळी निघालेला माणूस बियाणं घेऊन संध्याकाळी परत येईल.

कोणासाठी हे करायचं? म्हसवड-आटपाडीकडच्या खिलार जनावरांसाठी. लांब पायांच्या, बाकदार नाकाच्या माडग्याळी मेंढरांसाठी, ज्यांचं मूळ गाव जत तालुक्यात आहे. लोणंदच्या बाजारात येणाऱ्या दख्खनी मेंढ्यांसाठी. फलटणला बनबिहारी निंबकर यांनी 1968 साली सुरू केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गॅरोल मेंढीचं जुळी देणारं जनुक दख्खनी मेंढीत आणलं आणि ‘नारी सुवर्णा’ तयार केली. हे मोठं काम आहे. पण दोन कोकरं पोटात वाढवणाऱ्या मेंढीला शेवटच्या दीड महिन्यात एका कोकराच्या आईपेक्षा पुष्कळ जास्त चारा लागतो. मेंढी सुधारली आणि माळ होता तसाच उघडा राहिला, तर त्या सुधारणेचा भार मेंढपाळाच्या खिशावर पडतो.

माळ रिकामा झाला की काय होतं ते माण तालुक्याने दोनदा पाहिलं. 2012 मध्ये आणि पुन्हा 2019 मध्ये माणदेशी फाउंडेशनला म्हसवडला चारा छावणी उघडावी लागली. माणसं घरदार सोडून जनावरांसोबत छावणीत राहिली. अशा छावण्यांत दावणीला पडतो तो बहुतेक ऊस आणि उसाचे वाढे, म्हणजे जिथे पाणी आहे तिथून ट्रकने आणलेलं पाणीच एका अर्थाने. वाढ्यांत ऑक्झलेट भरपूर असतं आणि ते जनावराच्या अंगातलं कॅल्शियम बांधून टाकतं. महिनोन्महिने त्यावर काढलेली गाय जगते, पण तिची हाडं आणि दूध दोन्ही झिजतात. छावणी हा शेवटचा आधार आहे आणि तो ज्यांनी दिला त्यांचे उपकारच आहेत. तरी कुरण राखलं असतं तर छावणीचे किती दिवस वाचले असते, हा हिशेब आपण कधी मांडत नाही.

आता हवेकडे. 2021 च्या जुलैमध्ये महाबळेश्वरला एका दिवसात 594 मिलिमीटर पाऊस झाला. म्हसवडला पूर्ण वर्षात पडतो त्याहून जास्त पाऊस चोवीस तासांत! पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवलं की 1950 पासून मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. पाऊस एकदम येतो आणि मध्ये मोठी उघडीप देतो. गवताच्या दृष्टीने यातली उघडीप सर्वांत महत्त्वाची आहे.

माण-खटाव-जत पट्ट्यात जूनचा पाऊस बेभरवशाचा असतो, खरा भर सप्टेंबरचा आणि परतीच्या पावसाचा. वर्षायू गवतं जूनच्या पहिल्या सरींवर उगवतात. जुलै-ऑगस्टच्या उघडिपीत ती करपली तर त्या वर्षीचं बी संपलं. बहुवर्षायू गवताचा ठोंब मात्र मुळांत साठवण ठेवून उघडीप काढतो आणि सप्टेंबरच्या पहिल्या चांगल्या पावसावर आठवड्याभरात हिरवा होतो. म्हणून निवडीचा पहिला नियम हा की कणा बहुवर्षायूंचा असावा. वर्षायू आपोआप येतात, त्यांना बोलवावं लागत नाही.

कण्यासाठी कोणती गवतं? इथे थोडं थांबून बोललं पाहिजे, कारण खेड्यांत या ज्ञानाची कमतरता नाही, ते फक्त कागदावर पोचत नाही.

1973 साली डबडघाव आणि शंकरनारायण या दोघांनी भारताच्या गवताच्छादनाचे पाच मोठे पट्टे आखले. त्यांतला आपला पट्टा सेहिमा-डायकॅन्थियमचा, म्हणजे शेडा आणि मारवेल यांचा. शेडा, काही भागांत पवना किंवा पवन्या म्हणून ओळखला जाणारा, मुरमाड उताराचा राजा आहे. जनावराला तो आवडतो आणि म्हणूनच अतिचराईत सर्वांत आधी तोच जातो. तो गेला की कुसळी पसरते. कुसळीही वाईट नाही, तुरे येण्याआधी ती चांगली वैरण आहे. पण एकदा कुसळं पिकली की ती मेंढरांच्या लोकरीत शिरतात, तोंडाला टोचतात, कातडीत रुततात. कुसळीही चरून संपली की केसासारख्या बारीक काड्यांची ॲरिस्टिडा जातीची गवतं उरतात, ज्यांना मेंढरूही नाइलाजाने तोंड लावतं. कोणत्याही गावाच्या गायरानावर उभं राहून या तिघांपैकी कोण जास्त आहे एवढं पाहिलं, तर त्या रानाची गेली तीस वर्षं समजतात.

मारवेल खोल, थोड्या भारी जमिनीचं. बांधावर, ओढ्याकाठी, काळ्या रानाच्या कडेला ते असतंच. कांड्यांना मुळं फुटतात, त्यामुळे ठोंब लावून ते पसरवता येतं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने त्याचे चांगले वाण निवडले आहेत. डोंगरी गवत नावाप्रमाणे उथळ, दगडी उतारावरचं आणि माती धरून ठेवण्यात पटाईत. अंजन आणि धामण ही खऱ्या कोरड्या भागाची गवतं. तीन-साडेतीनशे मिलिमीटरच्या वर्षीही ती काहीतरी देतात. याशिवाय जमिनीलगत पसरणाऱ्या रानटी शेंगवर्गी वनस्पती मिश्रणात हव्यातच, कारण हवेतलं नत्र त्या फुकट मातीत आणतात आणि वाळलेल्या चाऱ्यातली प्रथिनांची तूट भरून काढतात. वर सावलीला विरळ हिवर, बोर, बाभूळ. बाभळीच्या आणि हिवराच्या शेंगा उन्हाळ्यात मेंढपाळाचं भांडवल असतं, हे त्याला सांगावं लागत नाही.

म्हणजे एक उत्तम गवत असं काही नाही. उतारावर शेडा-डोंगरी, पाणथळीकडे मारवेल, उघड्या मुरमावर अंजन-धामण. एकच वाण शंभर एकरांवर पेरणारी योजना पहिल्या वाईट वर्षी पूर्ण बसते. मिश्रणात मात्र प्रत्येक वर्षी कोणाचं ना कोणाचं साधतं.

विज्ञानाच्या बाजूने एक गोष्ट आपल्या गवतांच्या पथ्यावर पडणारी आहे आणि एक विरुद्ध. ही बहुतेक गवतं सी-4 पद्धतीने प्रकाशसंश्लेषण करतात. कडक उन्हात, थोड्या पाण्यात जास्त वाढण्याची ती रीत आहे, त्यामुळे तापमान थोडं वाढलं म्हणून ती घाबरत नाहीत. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड 1960 च्या आसपास दशलक्ष भागांत 317 होता, तो 2024 मध्ये 424 वर गेला. या वाढीचा फायदा सी-4 गवतांपेक्षा झाडाझुडपांना जास्त होतो. माळावर वेडी बाभूळ आणि घाणेरी इतक्या वेगाने का चढतात, याचं हे एकमेव कारण नाही, पण एक कारण नक्की आहे. चांगलं गवत पेरलं आणि झुडपं उपटली नाहीत, तर पुढची हवा झुडपांच्या बाजूने उभी राहील.

आणि आपण स्वतःही त्यांच्याच बाजूने उभे राहिलो आहोत. दुष्काळी कामांत, सामाजिक वनीकरणात, वृक्षलागवडीच्या मोठमोठ्या मोहिमांत गवताळ माळ ही मोकळी पडलेली जागा समजली गेली. तिथे चर खणले, ग्लिरिसिडिया लावला, सुबाभूळ लावली. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्यातही ग्लिरिसिडियाची लागवड झाली. माळढोक पक्ष्याला उघडं, दूरवर नजर जाईल असं गवत लागतं. झाडांच्या रांगांत तो उभाही राहत नाही. हेतू चांगला होता, यात शंका नाही. पण उथळ मुरमाच्या माळावर दर दहा फुटांवर खड्डा खणणं म्हणजे शेकडो वर्षांत विणलेलं गवताच्या मुळांचं जाळं कापणं. आशिष नेर्लेकर आणि जोसेफ वेल्डमन यांनी 2020 मध्ये जगभरच्या नोंदी तपासून दाखवलं की नांगरलेलं वा खणलेलं जुनं गवताळ रान पुन्हा पूर्वीसारखं समृद्ध व्हायला किमान शतक लागतं, अनेकदा त्याहून कितीतरी जास्त.

यावर हटकून येणारा आक्षेप असा की हा सगळा प्रदेश मुळात जंगल होता, माणसाने तोडलं म्हणून माळ झाला, मग झाडं लावली तर बिघडलं काय? याचं उत्तर मराठी वाङ्मयातच मिळतं. नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी 2025 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गेल्या काही शतकांतल्या मराठी ओव्या, चरित्रं, स्थळकथा वाचून त्यांत कोणती झाडं येतात ते पाहिलं. पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या भागाबद्दल जी झाडं पुन्हा पुन्हा भेटतात ती मोठ्या प्रमाणात उघड्या गवताळ रानाची आहेत, घनदाट जंगलाची नाहीत. पंढरपूरला कान्होपात्रेच्या समाधीशी जोडलेलं झाड तरटीचं, म्हणजे उघड्या, काटेरी माळाचं. गुराखी आणि धनगर आपल्या देवकथांत जितक्या मोकळ्या रानात वावरतात, तितकं मोकळं रान ब्रिटिशांच्या आधीपासून इथे होतं.

अभ्यासाचा वारसाही छोटा नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात 1920 च्या दशकात डब्ल्यू. बर्न्स, एल. बी. कुलकर्णी आणि एस. आर. गोडबोले यांनी दख्खनच्या गवतांवर आणि चराईवर काम केलं. एथेलबर्ट ब्लॅटर आणि चार्ल्स मॅकॅन यांचा मुंबई इलाख्यातल्या गवतांवरचा ग्रंथ 1935 साली निघाला, ब्लॅटर त्याच्या आदल्याच वर्षी वारले होते. शिवाजी विद्यापीठातून पोतदार, साळुंखे आणि यादव यांनी 2012 मध्ये महाराष्ट्रातल्या सर्व गवतांचा जाडजूड ग्रंथ दिला. इतकी पुस्तकं असूनही पंचायत समितीच्या कुरणविकासाच्या आराखड्यात ‘गवत’ एवढा एकच शब्द असतो, याचं दुःख वाटतं.

देशी म्हणजे सगळीकडे चांगलं, असाही अर्थ कोणी काढू नये. आपलं अंजन गवत ऑस्ट्रेलियात एकोणिसाव्या शतकात उंटांच्या खोगिरांच्या भरणातून पोचलं असं मानतात. आज तिथल्या मध्य वाळवंटात आणि अमेरिकेच्या सोनोरन वाळवंटात ते उपद्रवी ठरलं आहे. दाट वाढून ते आग पसरवतं, आणि ज्या निवडुंगांनी कधी आग पाहिली नव्हती ते जळतात. आपल्या माळांवरचं बोथ्रिओक्लोआ पर्टुसा हे बुटकं गवत क्वीन्सलँडमध्ये दुष्काळ आणि अतिचराईनंतर हजारो एकरांवर पसरलं, आणि त्याने तिथल्या कुसळीची जागा घेतली. विशेष म्हणजे तिथली ती कुसळी आणि आपली कुसळी एकाच जातीची. कोणतं गवत चांगलं हे त्या गवतावर कमी आणि ते कुठल्या रानात, कोणत्या शेजाऱ्यांत उभं आहे यावर जास्त ठरतं.

हाच विचार पाचगणीलाही लागू आहे, पण उलट्या दिशेने. इथे टेबललँडवर आणि आसपासच्या सड्यांवर काहीही पेरू नये. जांभ्या दगडाच्या या पठारांवर मातीचा थर बोटभर, पावसाळ्यात पाणी तुंबलेलं, उन्हाळ्यात तापलेला तवा. तरी त्यावर ज्या वनस्पती तगतात त्यांतल्या काही जगात इतरत्र नाहीत. वायतुऱ्याची साताऱ्याच्या नावाची जात, ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस, याच सड्यांवरची. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी पश्चिम घाटात अशा 62 वनस्पतींची नोंद केली ज्या पूर्ण वाळून जातात आणि पाणी मिळताच पुन्हा जिवंत होतात. अशांत काही इवली गवतंही आहेत. उष्णता सोसण्याचं शास्त्र शिकायचं तर ती शाळा सड्यावर आधीच भरलेली आहे, तिथे बाहेरचं बी टाकून गोंधळ घालू नये.

जॉन चेसनने पाचगणी वसवताना परदेशी झाडं लावली, आणि आज सिल्व्हर ओकशिवाय गावाचं चित्र डोळ्यांसमोर येत नाही. रस्त्याकडेला, बागेत ती शोभतात. सड्यावर त्यांना जागा देऊ नये. महाबळेश्वर-पाचगणी परिसर 2001 पासून पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, हा आधार त्यासाठी पुरेसा आहे.

चराई बंद केली की सगळं सुधारतं, हाही सोपा समज आहे. कास पठार 2012 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलं. पर्यटकांच्या गर्दीला आवर घालायला कुंपण आलं, गुरंही थांबली. काही वर्षांनी फुलं कमी झाल्याची तक्रार आसपासच्या गावांतून येऊ लागली. उंच गवतं आणि झुडपं लहान वनस्पतींना दाबत होती, असं अनेकांचं निरीक्षण होतं, आणि पुढे ते कुंपण काढलं गेलं. गवत आणि गुरं यांचा संबंध हजारो वर्षांचा आहे. तोडायचा नाही, वेळापत्रक बदलायचं आहे.

वेळापत्रकातला अडचणीचा महिना जून. धनगरांचे वाडे दसरा-दिवाळीला माणदेश सोडून कृष्णाकाठ, कोकण असे उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परततात, कारण भिजल्या जागेत मेंढरांचे खूर कुजतात. पण पावसाच्या याच पहिल्या चार-सहा आठवड्यांत ठोंबाने आपली साठवण खर्चून पानं काढलेली असतात. त्या वेळी दर वर्षी तोंड लागलं तर मुळं उपाशी राहतात आणि तीन-चार वर्षांत शेडा नाहीसा होतो. उपाय जुनाच आहे: रानाचे तीन-चार भाग, त्यातला एक भाग दर वर्षी श्रावण संपेपर्यंत राखीव, पुढल्या वर्षी दुसरा. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने मोकाट चराई थांबवून विळ्याने कापून न्यायची परवानगी दिली, आणि चारा विकत आणणारं गाव चारा पुरवणारं झालं. पण हिवरे बाजारची जनावरं मुख्यतः दावणीची आहेत. माणच्या फिरत्या मेंढरांना विळ्याचा नियम लावला तर धनगराचं जगणंच बंद होईल. म्हणून कोणता भाग कधी राखायचा हे ठरवणाऱ्या ग्रामसभेत धनगराला खुर्ची हवी, तीही तो गावात असतो त्या महिन्यांत.

पानी फाउंडेशनने समृद्ध गाव स्पर्धेत संरक्षित कुरण हा विषय घेतला, ही चांगली सुरुवात होती. त्यात आता बियाण्याची भर पडली पाहिजे. देशी गवताचं बी बाजारात सहज मिळत नाही. ते हलकं, कुसळाचं, हाताला न लागणारं असतं, एकाच तुऱ्यावर पिकलेलं आणि कच्चं शेजारी असतं, आणि ताजं पेरलं तर बरंचसं उगवतच नाही, कारण निसर्गतः ते काही महिने झोपून राहतं. म्हणून शेडा, डोंगरी, अंजन यांचं बी एक उन्हाळा ठेवून पेरावं, मारवेलचे मात्र ठोंब लावावेत. अहिल्यादेवी मेंढी व शेळी विकास महामंडळाची दहिवडी आणि रांजणी इथे प्रक्षेत्रं आहेत. साताऱ्याची कोरडी बाजू आणि सांगलीची कोरडी बाजू, दोन्हीकडे एकेक. तिथे पाच-दहा एकर बियाण्यासाठी राखलं, तर दोन जिल्ह्यांचा प्रश्न सुटायला सुरुवात होईल.

बी गोळा करायचं तर ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यापासून, वाडे हलायच्या आधी. कोणत्या माळावर शेडा अजून आहे, कुठल्या ओढ्याला मारवेल दाट आहे हे ज्यांना ठाऊक आहे ती माणसं तेव्हाच गावात असतात. बी मोजून घ्यावं आणि रोख पैसे द्यावेत, श्रमदानाने हे काम होणार नाही. प्रत्येक पोत्यावर गाव, जमिनीचा प्रकार आणि त्या वर्षीचा पाऊस लिहावा, नाहीतर कोरड्या बाजूचं बी कोणतं आणि ओल्या बाजूचं कोणतं हे पेरणीच्या वेळी कोणाला सांगता येणार नाही. पाचगणीच्या शाळांना मोठी आवारं आहेत. त्यातला एखादा उतार ऑक्टोबरपर्यंत न कापता ठेवला आणि मुलांनी त्यावरची गवतं ओळखून नोंदवली, तर पश्चिम टोकाची नोंदही हाती येईल. पेरणी पुढच्या मृगाच्या आसपास, नांगर न लावता, उतारावर आडव्या ओरखड्यांत, झुडपं काढलेल्या जागेत. पहिल्या दोन पावसाळ्यांत त्या तुकड्यावर जनावर घालू नये, आणि त्या बदल्यात मेंढपाळाला जवळचा दुसरा तुकडा दोन महिने आधी मोकळा करून द्यावा.